मोहोळ सोडलं!

आमच्या दवाखान्यात मोहोळ खिडकीपासून चार पावलांवर होतं. त्याच्या अलीकडे अनगर, पलीकडे पाकणी, आणि कोपऱ्यात वळलं की बाळे. हे वाचून बाहेरच्या माणसाला माझं डोकं फिरलंय असं वाटेल. वाटू दे. याच मोहोळापायी ऐन लॉकडाउनमध्ये एका माणसाने मोटारसायकलला किक मारली होती, आणि याच मोहोळाने पुढे आमची खिडकी वाचवली. या दोन्ही गोष्टी सांगाव्यात म्हणून तर लिहायला बसले आहे.

मी महादेवी. गाव मैंदर्गी, अक्कलकोट तालुका. घरात कन्नड, शाळेत मराठी आणि रागावले की दोन्ही. सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात औषधं देण्यात माझी उभी हयात गेली. कागदोपत्री मी मुख्य फार्मासिस्ट होते, पण लोकांच्या लेखी आम्ही सगळे मेडिकलवाले. डॉक्टरांना लोक देव म्हणतात, नर्सला सिस्टर म्हणतात, आणि आमचे फक्त हात बघतात, तेही खिडकीतून बाहेर आलेले. तोंड बघायचं कारणच पडत नाही. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. ज्याचं तोंड लक्षात राहतं त्या मेडिकलवाल्याने बहुधा काहीतरी चूक केलेली असते.

काम सांगायला सोपं आहे. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, ती आमच्या खिडकीत येते. एकजण खिडकीत उभा राहून चिठ्ठी वाचतो, दुसरा आत जाऊन कप्प्यातून औषध आणतो, मग पहिला त्यावरचं नाव, ताकद आणि मुदत बघून बाहेर देतो. आता यात अवघड काय? अवघड एवढंच की औषधांची नावं जुळ्या बहिणींसारखी असतात, आणि एकाच रंगाच्या खोक्यांत कमी ताकदीची आणि जास्त ताकदीची गोळी शेजारी शेजारी सुखाने नांदत असते. त्यांना काही होत नाही, होतं ते खाणाऱ्याला. म्हणून आमच्याकडे ओरडून काम करायची रीत होती. खिडकीतला ओरडणार, आतला तेच परत ओरडणार. आणि ही रीत घालून दिली होती लोंढेकाकांनी.

लोंढेकाका आमच्या औषधांच्या खोलीचे जुने कारभारी. राहायला जेऊरला. रोज रेल्वेने यायचे आणि रेल्वेने जायचे. त्यांना आकड्यांचं वावडं होतं. 'कप्पा क्रमांक अमुक' असं कुणी म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यांनी सगळ्या कप्प्यांना आपल्या वाटेवरच्या स्टेशनांची नावं दिली. खिडकीला लागून जेऊर, तिथे तापाच्या गोळ्या, कारण दिवस तिथूनच सुरू व्हायचा. कुर्डुवाडीला सलाईनच्या बाटल्या, कारण कुठल्याही वॉर्डात जायचं तरी जंक्शनवरूनच जावं लागतं. माढ्याला अँटिबायोटिक. मोहोळला हृदयाची आणि रक्ताची इंजेक्शनं. पाकणीला तेलाचे डेपो, म्हणून तिथे पातळ औषधं. बाळ्याला बाळांची औषधं, हे त्यातल्या त्यात तर्काला धरून. आणि सगळ्यात शेवटी, भिंतीला टेकलेलं, अक्कलकोट रोड.

कप्प्यातून औषध उचललं की आणणाऱ्याने ओरडायचं, "मोहोळ सोडलं!" गाडीने स्टेशन सोडल्यावर म्हणतात तसं. त्यावरून खिडकीतल्याला कळायचं की औषध बरोबर जागेवरून निघालं आहे. चिठ्ठी हृदयाची आणि आवाज पाकणीचा आला, तर काहीतरी घोटाळा आहे. हसू नका, या ओरडण्याने आम्ही कितीतरी चुका वाटेतच पकडल्या आहेत.

कप्प्यांवर पाट्या मात्र नव्हत्या. काका लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "गावातल्या मानसाला गावाची पाटी लागत न्हाय." सगळा स्टाफ सोलापूरकडचा, स्टेशनं तोंडपाठ, त्यामुळे अडलं कधीच नाही. उलट बाहेरच्या कुणाला आमच्या खोलीत काहीच सापडायचं नाही याचा आम्हाला केवढा अभिमान!

माझी एकच तक्रार होती. मी काकांना म्हणायचे, "आमच्या मैंदर्गीला एक कप्पा द्या की."

"मैंदर्गीला रूळ कुटं हाय? रूळ आलं की देतो."

"मग फ्रीजला महाबळेश्वर म्हणता, तिथे तरी कुठे रूळ आहेत?"

"त्ये थंड हवेचं ठिकान हाय. त्याला सूट हाय."

एवढं बोलून काका तपकिरीची चिमूट ओढायचे, म्हणजे निकाल लागला. ते निवृत्त झाले, खोली माझ्याकडे आली, तरी मी स्वतःहून मैंदर्गी आत घुसवली नाही. शब्द त्यांचा होता, तो त्यांनीच पाळायला हवा होता.

मग कोरोना आला.

त्या दिवसांत लोकांनी आमच्यावर फुलं उधळली, थाळ्या वाजवल्या, सगळं खरं. पण औषधांच्या खोलीतून माणसं कशी गळत गेली ते कुणी बघितलं नाही, म्हणून सांगते. पहिला गेला महेश. मोडनिंबचा पोरगा, हाताला चलाख, माझा उजवा हात. पोराने नोकरी सोडून घरी यावं म्हणून त्याच्या आईने तिकडे अन्न सोडलं. मी तिला फोन केला, समजावलं, आत काळजी घेतो म्हटलं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "बाई, तुमी बी आई हाय न्हवं? मग मला काय इचारताय?" महेश दुसऱ्या दिवशी गावी गेला.

मग श्रीनिवास. पूर्व भागातला, पद्मशाली घरातला, तेलुगू बोलणारा. खिडकीवर तेलुगू बायकांची रांग तोच सांभाळायचा. तो दवाखान्यात काम करतो म्हणून चाळीतले त्याच्या बायकोला सार्वजनिक नळावर येऊ देईनात. तो माझ्यापुढे येऊन म्हणाला, "अक्का, रोगाला मी भीत नाही. पण पाण्याशिवाय कसं राहणार?" तो गेला तो गेलाच. आजही बाजारात दिसला की पिशवीतल्या भाजीकडे बघत पुढे जातो. मला त्याला हाक मारावीशी वाटते आणि दर वेळी राहून जाते.

त्यांच्या जागी नवीन माणसं यायची. आली, दोन-चार दिवस काढले, गेली. कुणाला सासऱ्यांनी बोलावलं, कुणाला दुसरीकडे बरं काम मिळालं, कुणाला आमचा तो प्लास्टिकचा झगा सहन झाला नाही. सोलापूरचा उन्हाळा आणि त्यात तो झगा, त्यांचा राग मी धरत नाही. जुन्यांपैकी उरलेली रिजवाना या लोकांना 'पॅसेंजर' म्हणायची. कोण नवीन आलं की मला हळूच विचारायची, "अक्का, ये कौन से स्टेशन पे उतरेगा?" आणि बहुतेक वेळा तिचा अंदाज बरोबर निघायचा.

खरा त्रास माणसं जाण्याचा नव्हता. जाणारा माणूस सगळी स्टेशनं डोक्यात घेऊन जायचा आणि येणाऱ्याला पुन्हा जेऊरपासून शिकवावं लागायचं. तो अनगरपर्यंत येईतो निघून जायचा. कॉम्प्युटरमध्ये माल किती आहे ते दिसायचं, कुठे आहे ते दिसायचं नाही. आपल्याच खोलीत, आपल्याच डोळ्यांपुढे औषधं हरवायला लागली.

अशात प्रणिता आली. वाशिमकडची. नवऱ्याची बँकेतली बदली सोलापूरला झाली आणि पाठोपाठ लॉकडाउन लागला. बिचारीने सोलापूर बघितलं होतं ते फक्त घर ते दवाखाना एवढंच. शिकलेली, कामाला वाघ, पण आमची स्टेशनं तिला कुठून माहीत असणार? पहिल्या दिवशी तिला खिडकीत उभं केलं आणि मी वर माल उतरवून घ्यायला गेले.

तेवढ्यात खिडकीवर सिद्धाराम आला. मंद्रूपकडचा तरुण माणूस, आई वॉर्डात. चिठ्ठीवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून द्यायचं इंजेक्शन होतं. प्रणिताने आत वळून विचारलं, "हे कुठं आहे?"

रिजवानाचे दोन्ही हात खोक्यांनी भरलेले. ती आतून ओरडली, "मोहोळ में है! जल्दी जा!"

प्रणिता सिद्धारामला म्हणाली, "भाऊ, हे मोहोळला आहे. लवकर जा."

आता यात कुणाचं चुकलं सांगा. त्या दिवसांत लोक एकेका इंजेक्शनसाठी या गावाहून त्या गावाला धावत होते. सिद्धारामला शंका येण्याचं कारणच नव्हतं. त्याने चिठ्ठी खिशात घातली आणि पुणे रोडला लागला.

थोड्या वेळाने वॉर्डातून सिस्टरचा फोन आला, मंद्रूपच्या आजींचं इंजेक्शन अजून का आलं नाही? मी खाली आले. प्रणिताला विचारलं, "त्यांचा मुलगा कुठे आहे?"

ती समाधानाने म्हणाली, "त्याले मोहोळला पाठवलं ना, मॅडम."

रिजवानाच्या हातातली खोकी खाली पडली. "या अल्ला! अगे, वो मोहोळ नई, ये मोहोळ!" म्हणून तिने मोहोळाच्या कप्प्यावर थाप मारली.

प्रणिताचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. आधी इंजेक्शन काढून वॉर्डबॉयच्या हाती वर पाठवलं. ते वेळेत पोचलं, आजींना दिलं गेलं, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्हीही श्वास सोडाल. मग सिद्धारामला फोन लावत बसले. तो गाडीवर होता, उचलणार कसा?

शेवटी फोन आला तो मोहोळहून, एका औषधाच्या दुकानदाराचा, चिठ्ठीवरचा नंबर बघून केलेला. "बाई, तुमच्याकडचा एक मानूस माझ्या दुकानाम्होरं उभा राहून रडाया लागलाय. म्हनतो, मोहोळला जा म्हनून सांगितलंय. आता मोहोळात आलोय, म्होरं कुटं जाऊ?"

मी म्हटलं, त्यांना द्या फोन. "सिद्धाराम, तुमच्या आईला इंजेक्शन दिलंय. औषध इथेच होतं. सावकाश परत या."

मग तो म्हणाला, "दिलंय? मग मी हितं कशाला आलोय?"

तो परत आला तेव्हा उन्हाने काळवंडून गेला होता, वाटेत पोलिसांनी दोनदा अडवलं होतं. खिडकीसमोर उभा राहून त्याने आम्हाला जे काही सुनावलं ते सगळं बरोबर होतं. प्रणिता त्याच्यापुढे मान खाली घालून उभी. बोलून बोलून तो दमला, पाणी प्यायला, आणि मग मला म्हणाला, "दाखवा बघू, कुटलं मोहोळ."

मी कप्पा दाखवला. त्याने नीट बघून घेतला. "आन आमचं मंद्रूप कुटं हाय?"

"मंद्रूपला रेल्वे नाही हो," मी म्हटलं.

"म्हंजे हितं बी न्हाय," तो म्हणाला आणि आईकडे गेला.

बातमी अर्थातच वर पोचली. आमचे प्रशासक देशमुख साहेब, मूळचे सांगलीकडचे, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी मला बोलावलं. रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे माणसं टिकत नाहीत, यात तुमचा दोष नाही. पण अशी चूक पुन्हा परवडणार नाही. बाहेरची एक एजन्सी खिडकी चालवायला तयार आहे. त्यांची माणसं, त्यांची पद्धत. महिनाअखेर त्यांचा माणूस बघायला येईल."

मी विचारलं, "ते रात्रपाळी चालवतील?"

"नाही. संध्याकाळी बंद करतील. नंतर नातेवाइकांनी बाहेरून आणायचं."

म्हणजे आम्ही सगळे घरी जायचो हे तर झालंच. पण सगळी दुकानं बंद असताना संध्याकाळनंतर बाहेर म्हणजे कुठे? एका माणसाला औषधासाठी मोहोळला धावताना मी बघितलं होतं. आता सगळ्यांनाच पाठवायचं? मी साहेबांना म्हटलं, "महिनाअखेरपर्यंत खिडकी माझी आहे ना? मग त्या दिवशी बघू." आवाज जरा चढलाच माझा. कन्नडही आलं असावं मधे.

खाली आले तर प्रणिता राजीनामा लिहीत बसलेली. मी कागद ओढून घेतला. "बाई, इथे न चुकता जाणारे खूप झाले. तू चुकली आहेस, आता तू थांब."

ती डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, माह्या डोक्यात तुमची गाडी चालूनच नाही राहिली. जमिनीवर चालवून पाहू का?"

मला आधी समजलंच नाही. तिने कोपऱ्यातून लाल चिकटपट्टीचं रीळ आणलं. लोकांनी अंतर राखून उभं राहावं म्हणून दवाखानाभर जमिनीवर खुणा केल्या होत्या, त्यातली उरलेली पट्टी. तिने खिडकीच्या पायथ्यापासून जमिनीवर दोन समांतर रेघा ओढत नेल्या, मधे आडवे तुकडे लावले. कप्प्यांना वळसे घेत रूळ थेट अक्कलकोट रोडपर्यंत गेले. आणि प्रत्येक कप्प्यावर तिला पाटी हवी होती. वर स्टेशनचं नाव ठळक, खाली तिथे मिळणारी औषधं.

पाटी म्हटल्यावर मी अडले. काकांनी आयुष्यभर लावू दिली नव्हती. आणि खरं सांगायचं तर मलाही ते नको होतं, आमचं गुपित चव्हाट्यावर आल्यासारखं वाटत होतं. मी जेऊरला फोन लावला. सगळं ऐकून काका आधी मोहोळच्या प्रकाराला पोट धरून हसले, मग खोकले, मग म्हणाले, "गावातल्या मानसाला पाटी लागत न्हाय, ह्ये खरं. पर आता गावात मानूसच ऱ्हायलं न्हाय म्हनताय. पावनं आलं तर येशीवर पाटी लागतीच की."

पाट्या लागल्या. रिजवानाचं अक्षर सुंदर, तिने लिहिल्या.

त्यानंतर माणसं टिकायला लागली असं मी खोटं सांगणार नाही. पॅसेंजर येतच होते, उतरतच होते. पण आता सकाळी आलेला माणूस दुपारी कामाला लागलेला असायचा. रुळावरून चालत जा, पाटी वाच, औषध उचल, ओरड, खिडकीत आण. बघून देणारा फार्मासिस्ट पक्का असला की झालं. आणि तो पक्का फार्मासिस्ट आता प्रणिता होती. मोहोळाचा कप्पा तर ती डोळे मिटून सांगायची.

मधल्या काळात मंद्रूपच्या आजी बऱ्या होऊन घरी गेल्या. जाताना सिद्धाराम कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन खिडकीवर आला. "ती मोहोळवाली बाई कुटं हाय?" प्रणिता घाबरत पुढे झाली. मागे चाकाच्या खुर्चीत बसलेल्या आजींनी तिला कन्नडमध्ये विचारलं, "ऊट आतेन?" तिला काही कळेना, माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "जेवलीस का म्हणून विचारतात." त्यावर ती पोरगी जी रडायला लागली, तिला आजींनीच गप्प केलं. तेव्हापासून तिचं नाव मोहोळवालीच पडलं.

महिनाअखेर आली. नेमके त्या सकाळी दोन पॅसेंजर एकदम उतरले. एकाला ताप, दुसऱ्याचा फोन बंद. रिजवाना दुपारच्या पाळीला येणार. खिडकीत प्रणिता, आत मी एकटी, बाहेर रांग, वॉर्डांचे फोन खणखणतायत, आणि समोरून देशमुख साहेब एजन्सीच्या माणसाला घेऊन येतायत. देव परीक्षा बघतो म्हणतात, पण पेपर इतका अवघड काढू नये.

साहेबांनी चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, बाकीचे कुठे आहेत?"

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "तुम्ही आलात ना. झगा चढवा, हातमोजे घाला आणि आत या."

"मी? अहो, मला तुमच्या स्टेशनांतलं काही कळत नाही."

"म्हणून तर या."

ते आले. बहुतेक त्या एजन्सीच्या माणसासमोर नाही म्हणायला त्यांना संकोच वाटला असावा. प्रणिता खिडकीतून ओरडली, "माढा!" आणि पुढे औषधाचं नाव आणि ताकद. साहेबांनी खाली रुळाकडे बघितलं, वर पाट्यांकडे बघितलं आणि चालायला लागले. जेऊर, कुर्डुवाडी, माढा. खोकं उचललं आणि पुटपुटले, "माढा... सोडलं?"

"मोठ्यानं बोला साहेब, ऐकू येऊन नाही राहिलं!"

दवाखान्याच्या प्रशासकावर इतक्या मोठ्याने आजवर कोणी ओरडलं नव्हतं. रांगेतल्या लोकांना हसू फुटलं. साहेबांनी घसा खाकरला आणि दणक्यात म्हणाले, "माढा सोडलं!"

मग त्यांना आवाज फुटला तो फुटलाच. मी वॉर्डांच्या मागण्या भरत होते, साहेब रुळावरून ये-जा करत होते. एकदा त्यांनी त्याच औषधाचं जास्त ताकदीचं खोकं आणलं. प्रणिताने ते बघितलं, तसंच त्यांच्या हातात परत ठेवलं आणि म्हणाली, "गाव बरोबर, घर चुकलं. शेजारचं घ्या." साहेब निमूटपणे परत गेले. बघता बघता रांग ओसरली. एकाही माणसाला रिकाम्या हाताने जावं लागलं नाही.

एजन्सीचा माणूस इतका वेळ दाराशी उभा होता. तो म्हणाला, "पद्धत जरा गावठी आहे. आमची माणसं ट्रेंड असतात. जागेवर आली की पंधरवड्यात सगळं समजून घेतात."

साहेबांचा झगा घामाने चिंब झालेला. हातमोजे काढता काढता ते म्हणाले, "पंधरवडा? मला तर चहा गार व्हायच्या आत समजलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खिडकी चालू राहील, मॅडम. तिन्ही पाळ्या. तुमचीच."

एजन्सीचा माणूस गेल्यावर मी आणि प्रणिताने काय केलं ते साहेबांना माहीत नाही. आम्ही कुर्डुवाडीच्या सलाईनच्या बाटल्यांमागे जाऊन लहान पोरींसारख्या नाचलो. झग्यात नाचता येत नाही, पण नाचलो. अख्ख्या नोकरीत इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

पुढे महेशही परत आला. मोडनिंबची त्याची मावशी आमच्याकडे भरती होती, तिने बरी होऊन गेल्यावर त्याच्या आईला सांगितलं की खिडकीत बायाच बाया राबतायत. आईनेच त्याला पिशवी भरून दिली. तो दारात येऊन म्हणाला, "अक्का, आई म्हनली, जा. ती आता जेवतीया." मग झोकात आत शिरला आणि जमिनीवरचे रूळ, कप्प्यांवरच्या पाट्या बघून गोंधळून उभा राहिला. प्रणिताने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "नवीन आहात का? या, तुमाले स्टेशनं शिकवते." ज्याने उभं आयुष्य मोडनिंब-कुर्डुवाडी केलं त्याला ती वाशिमची पोरगी माढा दाखवत होती, आणि तो गुमान बघत होता.

यथावकाश माझी निवृत्ती आली. निरोप समारंभात शाल आली, श्रीफळ आलं, साहेबांचं भाषण आलं, त्यात त्यांनी आपण माढा कसं सोडलं ते रंगवून सांगितलं. मी आपली रुमाल हातात घेऊन तयार बसले होते, पण रडू काही येईना. मग प्रणिता म्हणाली, "मॅडम, एकदा आत चला." खोलीची जबाबदारी आता तिच्याकडे आली होती.

आत लोंढेकाका बसलेले. जेऊरहून रेल्वेनेच आले होते, हातात काठी, मास्क हनुवटीवर. मी पाया पडले. ते उठले आणि काठीने जमिनीकडे दाखवलं. लाल रूळ नेहमीसारखे अक्कलकोट रोडपर्यंत गेले होते, पण तिथे थांबले नव्हते. भिंतीशी वळून नव्या पट्टीचे रूळ पुढे निघाले होते आणि एका कोऱ्या कप्प्यापाशी येऊन संपले होते. त्यात अगदी ऐनवेळी, जीव वाचवायला लागतात ती इंजेक्शनं हारीने मांडली होती. वर रिजवानाच्या अक्षरात पाटी होती: मैंदर्गी.

काका म्हणाले, "रूळ आलं की देतो म्हनलो हुतो. बगा, आलं."

आता मात्र रुमाल पुरेना. इतक्यात वॉर्डाचा फोन वाजला. महेशने तो घेतला आणि सवयीने ओरडला, औषधाचं नाव, ताकद, आणि शेवटी, "मैंदर्गी!" प्रणिता पुढे झाली नाही. सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले. मी खांद्यावरची शाल सावरली, रुळावरून चालत गेले, इंजेक्शन उचललं, त्यावरचं नाव, ताकद आणि मुदत बघितली आणि नोकरीतलं शेवटचं वाक्य पार बाहेरच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "मैंदर्गी सोडलं!"